दोन भावांमधले पाच महिने

अहो,

आईंना घेऊन कोर्टात जाते आहे. तीन आठवडे तुमचं 'उद्या जाऊ' चाललंय, आणि अमेरिकेच्या वकिलातीला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारी संपते. गावच्या गुरुजींनी जन्मतारखा अंदाजाने लिहिल्या, त्यामुळे शाळेच्या दाखल्यांवर तुमच्यात आणि गोरक्षभाऊजींत पाचच महिन्यांचं अंतर आहे. मग हे सख्खे भाऊ कसे, असं वकिलातीने विचारलंय. आपल्याला तिकडे न्यायला भाऊजींनी तिथून अर्ज केलाय तो सख्ख्या भावासाठी. आता आईंनीच शपथेवर सांगायचं, की दोघंही माझ्याच पोटची आणि पुंजा चार वर्षांनी मोठा.

भाकरी टोपलीत आहे, पिठलं गरम करून घ्या. बेबीची शाळा पाचला सुटते, तिला आणा.

आई सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "येवढं बोलले म्हंजी मंग समद्यांना जाता येईल ना?" मी हो म्हटलं. आता बघते तर शेजारच्या कुसाबाईंबरोबर स्टुडिओत जाऊन त्यांनी स्वतःचा फोटो काढून आणलाय. वकिलांना द्यायला रुमालात बांधून घेतलाय.

अर्जात त्यांचं नाव नाही आणि त्यांनी नामपूरला वन्संकडे राहायचं, हे तुम्ही दोघा भावांनी ठरवलंत. अंगठा होईपर्यंत मी गप्प बसेन. घरी आल्यावर मात्र तुम्हीच सांगा, आणि बोटाची शाई निघायच्या आत सांगा.

सिंधु