भरलेला डावा कप्पा

सोमवार
आले एकदाची! शरीरशास्त्र संग्रहालयात ठसे बनवणाऱ्या सरांची मदतनीस. राहायला वरची खोली, जेवण त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या हातचं. पाचही बोटं तुपात.

काम असं: देहदानातून आलेल्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांत, म्हणजे निलयांत, पातळ मेण ओतायचं. घट्ट झालं की भोवतालचं मांस काढायचं. उरतो आतल्या पोकळीचा ठसा. डावा शंकूसारखा, उजवा त्याला बिलगलेल्या चंद्रकोरीसारखा.

बुधवार
सरांनी सगळी मांडणी दाखवली, काचेच्या कपाटातले टपोरे ठसेसुद्धा. गर्भात हृदय आधी नुसती नळी असते. ती वळते, मग तळातून पडदा वर चढतो आणि एकाचे दोन निलय होतात. जन्मानंतर डाव्याला सगळ्या अंगाला रक्त पोचवायचं असतं, म्हणून त्याची भिंत जाड होत जाते. उजव्याची धाव शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच. सुखी जीव!

माझ्या हृदयातला हा पडदा मात्र अर्धवट राहिलाय, वर भोक आहे, हे मी हसत सांगून टाकलं. सर हसले नाहीत. स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, या वयापर्यंत असं हृदय सहसा मिळत नाही. संध्याकाळी काकूंनी मला तळमजल्यावरची खोली दिली, जिने चढायला नकोत म्हणून. माया म्हणावी की काय, कळेना.

मंगळवार
माझ्या हातचा पहिला ठसा. डावा निलय वाळक्या मिरचीसारखा निघाला. सर म्हणाले, तुझी चूक नाही. मेल्यावर अंग ताठतं तसं हृदयही आवळतं, डावं जास्त. इथे पोचेपर्यंत सगळी तशीच झालेली असतात.

मग काचेच्या कपाटातले ते टपोरे ठसे कुठले? विचारायचा धीर झाला नाही. आई म्हणते, मी जन्माची संशयी.

गुरुवार
आधीची मदतनीस कुठे गेली, असं काकूंना आडून विचारलं. लग्न झालं म्हणाल्या. जेवताना सर म्हणाले, परदेशी गेली. कुठेतरी पाणी मुरतंय.

शुक्रवार
कपाट उघडं सापडलं. टपोरे ठसे हातात घेतले. डावे निलय गच्च भरलेले. म्हणजे मेण ओतलं तेव्हा हृदय आवळलेलं नव्हतं. आणि मेणावर वळ्या आहेत — एकीवर एक. मेण घट्ट होत असताना भिंत हलत होती. पुन्हा पुन्हा.

शनिवार
बाहेरच्या दाराला कुलूप. सर म्हणतात, किल्ली हरवली. माझा फोनही सापडत नाही. काकू माझ्याकडे बघत नाहीत. मला भीती वाटते. साधी, सरळ भीती.

रविवार, दुपार
आता खोलीलाही बाहेरून कुलूप. मेण तापल्याचा वास —

दाराबाहेर सर काकूंना समजावत होते, थांब जरा, घाबरलेलं हृदय धड भरत नाही. ठोके घाईत पडतात, आत रक्त यायला उसंत नसते. ठसा बारीक निघेल. शांत होऊ दे तिला.

म्हणून धावतेय. भिंत ते भिंत. घाबरलेली आहे तोवर —

धाप लागली. हे भोक — पाय उचलत नाहीत. बसले.

सर दाराशी आले. मायेनं म्हणाले, रोजनिशी लिहितेस ना, लिही पोरी, मन हलकं होतं.

खरंच होतं. लिहायला घेतलं की ठोके संथ — नको, वही मिटायला हवी, उठायला — पण छातीत आता किती शांत, आणि किल्ली कुलपात —