निरंक

डहाणू रोड, १५ जून

चि. श्रुतिका हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझ्या संस्थेचं ओळखपत्र दोन्ही पोचलं. ओळखपत्रावर मला ‘क्षेत्र सहायक’ केलंस. तेहतीस वर्षं रेल्वेत स्टेशनमास्तरकी केली आणि आता लेकीच्या हाताखाली सहायक! आई म्हणते, घरात हेच पद होतं, फक्त कार्ड मिळालं नव्हतं.

सोबत वहीतल्या पंधरवड्याच्या पानांची नक्कल. दर शनिवारी स्कूटरने वेवजीला रघ्याच्या पाड्यावर जातो. इथे डहाणूत चहाचा कपसुद्धा हलत नाही, पण तिथे जमीन दोन-चार दिवसांआड हलतेच. रघ्याचं कुटुंब अजून अंगणात ताडपत्रीखाली राहतं, चूलही तिथेच. धक्का बसला की त्याची बायको हिरी ओटीच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची एक रेघ ओढते. त्या रेघा मोजायच्या आणि तारखेवार वहीत उतरवायच्या, एवढंच माझं काम. हिरीला लिहिता येत नाही, पण तिची रेघ माझ्या हाताखालच्या कुठल्याही बाबूपेक्षा सरळ असते.

एक वाईट बातमी. रघ्याची म्हातारी आई मंगळवारी गेली. केळी घेऊन मी भेटून आलो. नवं भात घरात आलं की तिचे दिवस, म्हणजे मयताचं कार्य, घालणार म्हणे. या शनिवारी भिंतीवर नवी रेघ एकही नव्हती, म्हणून रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आहे. रकाना कोरा सोडायची मला सवय नाही. आमच्या गाड्यांच्या रजिस्टरात कोरा रकाना म्हणजे मास्तर झोपला होता असा अर्थ व्हायचा.

जेवणाच्या वेळा पाळ. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा (क्षेत्र सहायक)

---

पुणे, १० सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची वही आता आमच्या संस्थेत प्रसिद्ध झाली आहे. इतकं नेटकं अक्षर आणि एकही रकाना रिकामा नाही, हे आमच्या सरांनी सगळ्यांना दाखवलं. सलग तेरा आठवडे निरंक!

तुम्ही विचारलं होतं की आकाशाचा अभ्यास करणारी मुलगी वेवजीच्या जमिनीत कशाला डोकं घालते. सोपं करून सांगते. आकाशात दीर्घिका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत. कुठे दाटी, कुठे मैलोन्‌मैल काही नाही. त्या मोकळ्या जागा मोजल्या की पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो. माझी सगळी वर्षं त्या रिकाम्या जागा मोजण्यातच गेली. दोन धक्क्यांमधल्या शांततेलाही तेच गणित लागतं. ते गणित म्हणतंय की वेवजीची जमीन आता निवते आहे.

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की भिंत कोरी असली तरी हिरीमावशी अजून हलतंय म्हणतात. आमच्या प्रकल्पात समाजशास्त्राच्या एक बाई आहेत, त्यांना हे फार मोलाचं वाटलं. भीती अंगात मुरली की जमीन थांबल्यावरही माणसाला हलल्यासारखं वाटत राहतं, असं त्या म्हणतात. ‘उरलेली थरथर’ असं नाव देऊन त्यावर एक वेगळं प्रकरणच लिहायचं ठरलं आहे. सरकारी यंत्राच्या नोंदी दिवाळीनंतर मिळतील, पण शोधनिबंध या महिनाअखेर द्यायचा आहे. तुमची वही असताना मी थांबत नाही.

आईला नमस्कार. लेकीवरचा जीव आहे तसाच राहू द्या.

तुमची,
श्रुतिका

---

डहाणू रोड, २१ सप्टेंबर

चि. श्रुतिका हिस आशीर्वाद.

तुझा आलेख मी मोठा करून घेतला आणि आज पाड्यावर सगळ्यांना दाखवला. उतरती रेघ बोटाने समजावली. छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

आता एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर लवकर दे. रघ्याची ताडपत्री फाटली आहे. चूल भिजते, ओल्या लाकडाच्या धुराने हिरी खोकून बेजार झाली आहे. रघ्याने मला सरळ विचारलं की मास्तर, चूल घरात नेऊ का? मागची खोली विटांची आहे, त्यालाच तो भितो. पण मी सांगेन तसं करीन म्हणाला.

हिरीचं म्हणणं अजून तेच, की हलतंय. मी तिला उरलेली थरथर समजावून सांगितली. ती पदराआड हसली आणि मला म्हणाली की पुण्याच्या बाईला माझे पाय तिकडून कसे कळतात ते विचारा. तिचा विनोद आहे, तुझ्या बाईंना सांग.

आमच्या खात्यात पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडत नसत. इथे पुढचं स्टेशन तू आहेस. जे असेल ते एका शब्दात कळव.

आमची आठवण ठेवत जा.

बाबा

---

पुणे, २७ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. निबंध आज पाठवला. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण माझं गणित हो म्हणतं. त्या धुरात बसून खोकण्यापेक्षा चूल आत नेलेली बरी.

लाइन क्लिअर!

लोभ असू द्या,
श्रुतिका

---

डहाणू रोड, ६ नोव्हेंबर

चि. श्रुतिका,

काल सकाळी साडेसातला वेवजीला मोठा धक्का बसला. रघ्या भात कापायला शेतावर होता. हिरी आत चुलीपाशी भाकरी थापत होती. मागची विटांची भिंत तिच्या अंगावर आली. लोकांनी हातांनी विटा काढल्या. दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही.

मी दुपारी पोचलो. रघ्याने मला बसायला खाट टाकून दिली. पुढचा कूड जसाच्या तसा उभा आहे, जूनपर्यंतच्या रेघा त्यावर दिसतात. खाटेवर बसलो की समोर तीच भिंत येत होती.

आई म्हणते, हे फोनवर सांगायला हवं होतं. मी तीनदा फोन हातात घेतला. तीनदा खाली ठेवला, म्हणून लिहितो.

बाबा

---

पुणे, ११ नोव्हेंबर

ती. बाबांस नमस्कार.

तुमचं पत्र मिळाल्यापासून मी खोलीतून बाहेर पडले नव्हते. काल सरांनी बोलावलं. यंत्राच्या नोंदी आल्या आहेत. जून ते ऑक्टोबर एकही आठवडा शांत नाही. लहान लहान धक्के, पण सतत, आणि पुढे पुढे जास्त जवळ जवळ. सर फक्त एवढंच म्हणाले की वहीत मग शून्य कसं?

बाबा, रागाने विचारत नाही. निरंक लिहिताना तुम्ही त्यांना विचारलं होतं का, की धक्का बसला नाही? की फक्त भिंतीवर रेघ दिसली नाही?

तुमचं १५ जूनचं पत्र आज पुन्हा काढून वाचलं. रघ्याकाकांची आई गेल्याचं त्यात आहे, आणि पुढच्याच ओळींत भिंत कोरी असल्याचं. एकाच परिच्छेदात. मी ते पत्र तेव्हा दोनदा वाचलं होतं, बाबा. तुमच्या ओळखपत्राच्या विनोदाला हसले आणि पानं सरांकडे घेऊन गेले. मी रिकाम्या जागांची अभ्यासक, आणि समोर रिकामी जागा असताना मी ती का रिकामी आहे हे विचारलं नाही.

श्रुतिका

---

डहाणू रोड, १६ नोव्हेंबर

चि. श्रुतिका,

विचारलं नव्हतं. भिंत पाहिली, रकाना पाहिला, आणि भरला.

आज रघ्याला विचारलं. त्याच्या घराची रीत अशी की मयत झालं की दिवस घालेपर्यंत भिंतीला पीठ लावायचं नाही. त्याला वाटलं, मास्तर इतकी वर्षं याच भागात आहे, त्याला हे ठाऊक असणारच. सुतकात कोण भिंत रंगवतं? म्हातारीचे दिवस गेल्या रविवारी घालायचे ठरले होते. आता दोघींचे एकदम घालणार आहेत.

मग तो उठला आणि ओटीच्या कोनाड्यातून तंबाखूची एक डबी घेऊन आला. त्यात चिंचोके होते. भिंतीला हात लावता येत नाही म्हणून हिरी दर धक्क्याला एक चिंचोका डबीत टाकत होती. म्हातारीचे दिवस झाले की सगळ्या रेघा एकदम ओढणार होती. मास्तरची मोजणी चुकायला नको, असं ती म्हणायची. सगळा पावसाळा मी त्या ओटीवर बसून चहा प्यायलो, आणि डबी तिथेच कोनाड्यात होती. ती हलतंय म्हणायची तेव्हा आपण तिला तिचीच भीती समजावत होतो.

मी मोजले. एक्केचाळीस आहेत. रघ्याने दोष दिला नाही, दिला असता तर बरं झालं असतं. आता तरी हे वहीत चढणार का, एवढंच त्याने विचारलं. मी पेन उघडलं आणि तसंच मिटलं. डबी रजिस्टर्ड पोस्टाने तुझ्याकडे पाठवतो आहे. माझं ओळखपत्रही आत ठेवलं आहे.

आई रोज तुझी चौकशी करते. तुला जमलं तर माझ्यावर माया ठेव.

बाबा

---

पुणे, २३ नोव्हेंबर

ती. बाबांस,

डबी पोचली. ओळखपत्र मी ठेवून घेतलेलं नाही, सोबत परत पाठवते आहे. चूक दोघांची आहे. तुम्ही एकट्याने नोकरी सोडायची नाही.

यंत्राने एकोणचाळीस धक्के टिपले. हिरीमावशींचे एक्केचाळीस. शोधून पाहिलं, तर ऑगस्टात दोन दिवस यंत्राची वीज गेली होती.

सगळे आकडे घालून मी तेच गणित पुन्हा मांडलं. उतरती रेघ नाही. सप्टेंबरपासूनच ती चढते आहे. तुम्ही प्रश्न विचारलात त्या आठवड्यात माझ्या गणिताने स्पष्ट सांगितलं असतं, चूल बाहेरच ठेवा. म्हणजे गणित बरोबर होतं, बाबा. आता हे मी कुणाला सांगू? निबंध मागे घेते आहे असं सरांना लिहून दिलं. समाजशास्त्राच्या बाईंनाही सांगितलं की उरलेली थरथर असं काही नव्हतं, हिरीमावशी खरं सांगत होत्या. यातल्या कशानेही हिरीमावशींना काही मिळणार नाही, हे मला कळतं.

शनिवारी येते आहे. स्कूटरवर मागे बसेन, आपण दोघं पाड्यावर जाऊ. रघ्याकाकांना तोंड दाखवायला हवं.

वही तुमच्याकडे आहे. सगळे निरंक खोडा. कुठल्या दिवशी किती ते चिंचोक्यांवरून कळत नाही, म्हणून सगळ्यांवर मिळून एकच एक्केचाळीस लिहा. फक्त ५ नोव्हेंबरचा रकाना कोरा सोडा. तो भरू नका, बाबा. कोरा रकाना म्हणजे कुणीतरी झोपलं होतं, असाच अर्थ होतो ना? होऊ द्या.

तुमची,
श्रुतिका