दाजींच्या अर्जाचं इंग्रजी शेपूट

मुक्काम चिंचवड,
शनिवार, ९ जून १९५६

तीर्थरूप सौ. सुभद्राअक्कास उद्धवचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझी कंबर कशी आहे? म्हैस व्याली का?

आधी गोड बातमी. तुझ्या यजमानांना, म्हणजे आमच्या दाजींना, पिंपरीच्या नव्या कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं आहे. खोलीही मिळणार, म्हणजे तू कुरुळीत आणि ते माझ्याकडे हा दोन चुलींचा संसार एकदाचा एका जागी येईल. (पुढचं मात्र खाली बसून वाच.)

अर्ज इंग्रजीत हवा होता. पंचक्रोशीत इंग्रजी म्हटलं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात, त्यात माझा काय दोष? दाजी म्हणाले, "लिवा मास्तर, मला बघून चोर भ्येतो." आता इंग्रजीत भिववणाऱ्याला 'फ्रायटनिंग' म्हणतात आणि भ्यालेल्याला 'फ्रायटन्ड'. शब्द एकच, फरक शेपटाचा. मी आधी 'इंग'च लावलं होतं. मग मला माझाच नियम आठवला, जो मी अकरा वर्षं पोरांकडून घोकून घेतोय : वस्तूला 'इंग', माणसाला 'एड'. धडा टायरिंग, मास्तर टायर्ड. दाजी काही वस्तू नव्हेत. (तू कधीमधी त्यांना कोपऱ्यातली कणगी म्हणतेस, पण ते व्याकरणात धरत नाहीत.) म्हणून खोडून 'एड' लावलं. "का खोडलं?" दाजींनी विचारलं. व्याकरण आहे, म्हटलं. बिचाऱ्यांनी खाली सही ठोकली. तापवणारी तू आणि तापलेलं दूध, यात तू उभ्या जन्मात कधी घोटाळा केला नाहीस. चौथीतच शाळा सोडलीस म्हणून असेल.

कारखान्याच्या साहेबाने अर्ज मोठ्याने वाचला : मी अत्यंत भ्यालेला इसम असून रात्रंदिवस भ्यालेलाच असतो. पोट धरून हसला म्हणे. पण माणूस डोक्याचा. आधीचे तिन्ही पहारेकरी शूर होते आणि तिघेही कामावर घोरत सापडले. भ्यालेल्याला झोप लागत नाही, तेव्हा याला घ्या, असा त्याने हुकूम दिला. हे सगळं तिथल्या हेडक्लार्कने काल दाजींना मराठीत समजावून सांगितलं. कोणी विचारलं होतं त्याला?

तुझा धाकटा भाऊ,
उद्धव

ता. क. दाजी म्हणतात, "भित्रा म्हून दिलेली नोकरी मला नगं." अक्का, हसण्यावारी नेऊ नकोस. आखाड्यात नाव काढलेला माणूस कालपासून जेवलेला नाही. मला फार वाईट वाटतं. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने ये आणि समजूत घाल. ते तुझंच ऐकतील. सोमवार चुकला तर नोकरीही गेली आणि खोलीही.

आणखी एक ता. क. उद्या नको, आजच ये. शिपायाला सायकलवरून पाठवतोय, पत्र त्याच्याकडे खिडकीतून देतो. मी शाळेत नकाशांच्या खोलीत आतून कडी लावून बसलोय आणि दाजी बाहेर उभे आहेत. नियम मला आता पक्का समजला आहे. दाराबाहेर आहे तो 'इंग', दाराच्या आत आहे तो 'एड', आणि दोघंही माणसंच.