हातावरचे नाव

१८ ऑक्टोबर १९३१, हर्णे

आज हर्णेला पोहोचलो. आगबोटीतून पडावात उतरताना ट्रंक भिजली, पण आतली पुस्तके कोरडी निघाली. शाळेतल्या मुलांनी बंदरावर येऊन सामान उचलले. गुणवंतीबाई म्हणून एक कोळीण आहे, तिच्या घराची पडवी भाड्याने घेतली. खिडकीतून समुद्रातला किल्ला दिसतो. संध्याकाळी वाळूत मासळीचा लिलाव चालतो, त्याचा गलका इथवर येतो. गुणवंतीबाईने पहिला प्रश्न विचारला तो मी मासळी खातो का. हो म्हटल्यावर म्हणाली, "मगे मास्तर माणसातला हाय." बऱ्याच दिवसांनी हसू आले.

बदली मीच मागितली होती. माझी बायको राही गेल्या वैशाखात केळशीला माहेरी जायला निघाली आणि खाडीत होडी उलटली. आमचे जुने घर त्याच खाडीच्या काठी होते. तिथे राहवेना.

२२ नोव्हेंबर

आज एक गोष्ट केली. बरी केली असे वाटते.

गोंदणारी बाई गुणवंतीबाईच्या अंगणात बसली होती. बायका हात पुढे करून सुया सोसत होत्या. मला राहीचा हात आठवला. चौथ्या दिवशी सापडली तेव्हा ओळख पटली ती मनगटावरच्या तुळशीवरून. तुळशीखाली तीन ठिपके, तिसरा बाजूला सरकलेला. लहानपणी सुई टोचताच तिने हात ओढला होता.

जिवंतपणी मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. "अगं" म्हणायचो. इथे तर तिचे नाव घेणारे कोणीच नाही. म्हणून पाटीवर दोन अक्षरे लिहिली आणि उजवा हात पुढे केला. बायका खिदळल्या. गोंदणारीला वाचता येत नव्हते, तिने काय लिहिलंय ते विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "राही? मग राहील हो." माणूस घरात आहे ना, जिवंत आहे ना, हेही तिने विचारले. सगळ्या बायका बघत होत्या. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

गुणवंतीबाई मागून म्हणाली, "मास्तर, तुमचं फळ्यावरचं पुसतंय. आमचं ह्यें पुसत नाय हां."

१० जानेवारी १९३२

हात बरा झाला. अक्षरे हिरवी, स्वच्छ उमटली आहेत. फळ्यावर लिहिताना बाही वर सरकते आणि मुले एकमेकांना कोपराने ढोसतात.

हौसाक्का, माझी थोरली बहीण, लग्नाचे स्थळ घेऊन आली आहे. मुलगी आंजर्ल्याची, मैना नावाची, एकोणीस वर्षांची. आईच्या आजारपणात तिचे लग्न लांबले. मी नाही म्हणालो नाही. घर खायला उठते हे खरे आहे.

मुलीच्या मामांना माझा हात दिसला. मेलेल्या बाईचे नाव मिरवणाऱ्याला आमची पोर कशाला, म्हणाले. मी बाही खाली ओढली. हौसाक्का मात्र डगमगली नाही. "मग काय हात तोडू त्याचा? सासरी नाव बदलायचंच असतं ना? राहीच ठेवूया. हातावर हाय, घरात हाय, भांडण मिटलं!" सगळे हसले. मामाही हसले. मला सुटल्यासारखे झाले.

२१ फेब्रुवारी

लग्न झाले. ताटातल्या तांदळांत अंगठीने नाव लिहिताना पहिले अक्षर दोनदा विसकटले. भटजी म्हणाले, लिहा मास्तर, तुमचा तर हा धंदाच आहे.

६ मार्च

मैना चांगली आहे. बोलकी आहे. तिच्या हातांवर एकही गोंदण नाही. सुईला भिऊन तीनदा पळाली होती म्हणे. गुणवंतीबाई तिला "कोऱ्या हाताची" म्हणून चिडवते. ती उलट म्हणते, माझ्या वाटणीचं ह्यांनी गोंदून घेतलंय ना.

पाण्यालाही भिते. लिलाव बघायला आली तरी लाटेपासून लांब उभी राहते.

हौसाक्का तिला हौसेने राही राही म्हणते. आधी मैनेला दोन-तीनदा हाक मारावी लागे. आता पहिल्याच हाकेला ओ देते.

२० मार्च

तिच्या मनगटावर एक हिरवा ठिपका आहे. शाई लागली असेल म्हणून पुसायला गेलो. गेला नाही. ती म्हणाली, तो आहेच पहिल्यापासून.

२७ मार्च

आमटीत कोकम घालण्याआधी ते बोटांत चुरून वास घेणे, ही राहीची सवय. आज मैनेने तसेच केले. सगळ्याच बायका करत असतील.

ठिपके दोन झाले.

हौसाक्काला सांगितले, आपण हिला मैनाच म्हणू. ती म्हणाली, आता जिभेला वळण पडलंय, आणि चारचौघांत ठेवलेलं नाव बदलतात का.

५ एप्रिल

गुणवंतीबाईला मैनेचा हात दाखवला. तिने ठिपके अंगठ्याने घासून पाहिले. गोंदणारी तर तुमचं गोंदून गेली त्यानंतर इकडे फिरकलीच नाही, म्हणाली. मग माझा हात धरून विचारले, "मास्तर, खरं सांगा. गोंदलात तेव्हा ती हयात होती?"

मी हात मागे ओढू लागलो. तिने माझा हात सोडला आणि आपला पदराला पुसला.

ती म्हणाली, गेलेल्याचं नाव गोंदलं की त्याची जागा धरून ठेवली जाते. आणि तुम्ही जागेवर माणूसही आणून बसवलंत.

१२ एप्रिल

तुळस पुरी झाली. तिसरा ठिपका बाजूला सरकलेला आहे. मी न विचारताच ती म्हणाली, लहानपणी मी हात ओढला ना, म्हणून.

आज मी तिला मैना अशी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा बायकोला नावाने. दोनदा मारली. तिने वळून पाहिले नाही. तिसऱ्यांदा इकडेतिकडे बघून म्हणाली, कोणाला बोलावताय?

१८ एप्रिल

हात दगडाने घासला. रक्त आले. अक्षरे खाली तशीच.

आंजर्ल्याहून तिचे मामा आले होते. तिने डोक्यावर पदर घेतला, परक्या पाहुण्याला देतात तसे पाणी दिले आणि मला आत येऊन विचारले, हे कोण — मामा रडत गेले.

२३ एप्रिल

समुद्राला भीत नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून उत्तरेकडे बघते. माहेरी जायचं म्हणते. कुठे, विचारले. केळशीला —

मी शाळेत जाताना गुणवंतीबाईला दारात बसवतो. होडीवाल्यांना सांगून ठेवले आहे.

२९ एप्रिल

वैशाख लागायचा आहे. तो सरेपर्यंत तिला जपले की —

दुपारपासून हात खाजतो, पण नख लावलेले नाही. 'ही' पुसट दिसते. उजेडामुळे असेल.

३ मे

गेली. गुणवंतीबाईचा डोळा लागला होता. अर्धवट झोपेत तिला दारातून मैनेचे शब्द ऐकू आले, येते हं. राही निघाली तेव्हा हेच — अगदी हेच शब्द —

केळशीचा एक पडाव सुटला होता. पडाव हाकणारा तांडेल नवा, त्याला कोणी सांगितले नव्हते. वाटेत ती उठून उभी राहिली. मग दिसली नाही. माणसे शोधताहेत. मला घरी पाठवले.

त्याच दिवशी, दिवेलागण

हातावर राही नाही. कातडी कोरी. घासून गेले नव्हते ते —

नाही, कोरी नाही. खालून हिरवे वर येते आहे. म. वर दोन मात्रा. पुढे न, त्याला काना —

म्हणजे गेली ती मैना. आणि राही —

गुणवंतीबाई अंगणात किंचाळली. आता गप्प आहे.

ओटीवर पावले. पाणी निथळल्याचा आवाज. दाराशी थांबली.

आले हं, म्हणते आहे.

हाक मारायची आहे. कोणत्या नावाने —