टोक क्रमांक एक

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.४०
बायकोला बसमध्ये बसवून आलो. मेहुणीच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, ही सहा आठवडे तिकडेच. जाताना सूचना दिल्या त्या फक्त ऑर्किडच्या. गॅस, किल्ल्या, माझं बीपी, घरात असलेली स्वतःची आई, कशाचाच उल्लेख नाही. दर रविवारी एकदा पाणी. खिडकीतून हलवायचं नाही. पानांखाली दोन हिरवी टोकं फुटली आहेत, त्यातलं एक फुलाच्या दांडीचं आहे, तेव्हा कशालाच हात लावायचा नाही. हे शेवटचं तीनदा सांगितलं. मी काय लहान आहे?

पार्श्वभूमी, नोंद असावी म्हणून: हे रोप हिच्या रिटायरमेंटला शाळेतल्या बायकांनी दिलं. तेव्हा फुललं होतं. नंतर तीन वर्षं नुसती पाच पानं. तरी रोज सकाळी ही चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभी. माझ्यासमोर इतका वेळ कधी उभी राहिलेली नाही.

५ जानेवारी
संकल्प: ही परत येईल तेव्हा रोप फुललेलं असेल. कंपनीत तीस वर्षं भरती खातं सांभाळलं. साडेचार हजार माणसं निवडली. एक कुंडी म्हणजे हातचा मळ.

९ जानेवारी
फाइल उघडली.
टोक क्र. १: ११ मिमी. गोल, गुळगुळीत, तकतकीत. रोज वाढतं.
टोक क्र. २: ७ मिमी. चपटं, शेंड्याशी खाच, लहान मुलाच्या हातमोज्यासारखं बेंगरूळ.
निवड उघड आहे. उमेदवार दारातून आत येतानाच मी ओळखतो.

१३ जानेवारी
खत आणायला नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या बाईंनी न विचारता सांगितलं की गोल टोक म्हणजे मूळ आणि हातमोज्यासारखं असेल ती फुलाची दांडी. बाईंनी माझी टोकं पाहिलेली नाहीत. न पाहता मत देणारी माणसं मी पहिल्या फेरीतच बाद करायचो.

१८ जानेवारी, रविवार
पाणी घातलं. खतही. पाकिटावर अर्धा चमचा लिहिलंय, ते सामान्य माणसांसाठी.
सासूबाई भिंग घेऊन आल्या. बराच वेळ वाकून पाहून म्हणाल्या, जावईबापू, एक नंबरचं टोक म्हणजे मूळ दिसतंय हो. त्यांना समोरच्या कॅलेंडरवरची तारीख दिसत नाही. वयाचा मान राखून भिंग पुसून दिलं.

१९ जानेवारी
क्र. १ ला काठीचा आधार दिला. वर साटिनची गुलाबी फीत. याला हात लावणं म्हणत नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार
कामगिरी आढावा. क्र. १: ३१ मिमी. क्र. २: १९ मिमी. कुंडी एक, खाणारी तोंडं दोन. असल्या वेळी कंपनीत मी कधी कचरलो नाही. सकाळी ११.१५ वाजता क्र. २ ला सेवामुक्त केलं. नखं कापायची कात्री. आधी स्पिरिटनं पुसून घेतली, माणुसकी सोडलेली नाही.
सासूबाई दारातच होत्या. तुकडा उचलून घेऊन गेल्या.

२५ जानेवारी, रविवार
हिचा फोन. टोकं कशी आहेत? झकास, म्हणालो. फोटो मागितला. सरप्राइज आहे, म्हणालो. हिनं एकदम फोन ठेवून दिला. आनंदानं बोलवत नसेल.

१ फेब्रुवारी, रविवार
५२ मिमी. कळी अजून नाही. मीही कंपनीत उशिराच वर आलो होतो. मजल्यावरच्या तिन्ही घरांना पंधरा तारखेला पाच वाजता चहाचं निमंत्रण देऊन आलो. विषय: ऑर्किड. ही दुपारीच पोचेल.

८ फेब्रुवारी, रविवार
क्र. १ खाली वळतंय. सारखं कुंडीत शिरायला बघतं. शिस्त नाही. आणखी तीन फिती बांधल्या.

१३ फेब्रुवारी
कळी नाही. वरून पांढरट साल चढलीय. नर्सरीवाल्या बाईंना मोबाइलवर फोटो दाखवला. त्या हसल्या नाहीत. मूळ फार सुरेख आहे, म्हणाल्या. आणि दांडी कुठंय?

दुकानातून फुललेलं रोप आणून कुंडी बदलावी असा विचार केला. पण ती पाचही पानं ही ओळखते. सर्वांत वरच्यावर ओरखडा आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार
ही आली. बॅग खाली न ठेवताच खिडकीकडे गेली. फिती पाहिल्या. मग पान उचलून कापलेली जागा पाहिली. मी खताची प्रत, यंदाची हवा, खिडकीची दिशा, सगळं समजावून सांगितलं. ही चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. इतकंच म्हणाली की बहिणीच्या उशाशी बसून रोज मनात हिशेब करायची, आज दांडी एवढी वाढली असेल, आता कळ्या दिसत असतील.

सासूबाईंनी आतून वाटी आणली. वाटीत तो तुकडा, वाळून काडी झालेला. हिनं तो तळहातावर घेतला आणि तशीच उभी राहिली. मला फार लाज वाटली. माफी मागायची होती. तोंडून खताचं नाव आलं.

पाच वाजता बेल वाजली. निमंत्रण विसरलो होतो. तिन्ही घरची माणसं चहा घेत मूळ बघत होती. समोरचे डेंटिस्ट म्हणाले, मूळ मात्र मजबूत आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार
पाणी सासूबाईंनी घातलं. मी खिडकीपासून चार हात लांब बसायचं ठरलंय.
हिनं एकेक फीत सोडली. मूळ तसंच सरळ उभं राहिलं. ही म्हणाली, याला तुम्ही वळण छान लावलंत.
फाइलमध्ये लिहिलं: कौतुक झालं.
मग हिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खोडलं.