शतावरीला आवतण

मु. टेकवाडी, ता. संगमनेर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६८

चि. सौ. चांगुणा हिस भीमाबाईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या नावामागं पुन्हा 'सौ.' लिहिताना हात अडखळेल असं वाटलं होतं. अडखळला नाही. तुला दुसऱ्या घरी दिली त्याला दीड वर्ष झालं आणि हे माझं पहिलंच पत्र, म्हणून आधी इकडची खबर देते. बाजरी मळून घरात आली. दाणा बारीक आहे, पण भाकरीला गोड आहे. तू लावलेली शेवग्याची फांदी छपराला टेकली. तुझ्या चुलतसासूबाई राहीबाई यांचे गुडघे गेले, तोंड मात्र शाबूत आहे. माझं ठीक. दोन वेळा जेवते, दुपारी जरा वाचते.

गनीभाई आतार औषधांची पेटी घेऊन तुमच्या देवळालीच्या बाजाराला गेले होते. परत येताना ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "भाभी, साखर वाटा. चांगुणाला मुलगी झाली." घरात साखर कुठली, रेशनची कधीच संपली. गूळ दिला. सोबत त्यांची बायको शरिफा होती. ती तुझ्या खोलीत येऊन बसली होती ना, तिनं बाळाचं जावळ फार कौतुकानं सांगितलं. नाव मात्र तिच्या लक्षात राहिलं नाही. मी दोनदा विचारलं.

मग तिनं तुझ्या दुधाचं सांगितलं. पहिल्या आठवड्यात होतं, ताप येऊन गेला आणि आटलं. मुलगी कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध चोखते, म्हणे. आणखीही एक गोष्ट गनीभाईंनी सांगितली, जमिनीकडे बघत. ती मागाहून लिहिते. आधी औषध.

सोबतच्या गाठोड्यात ओल्या शतावरीच्या मुळ्या आहेत. वाळलेली शतावरी गनीभाईंच्या पेटीत होती, पण तेच म्हणाले, "ही जुनी हाय, भाभी. मी विकतो म्हनून खोटं न्हाई बोलणार. तुमच्या डोंगराला ओली हाय, ती खोदा." मुळ्या धुऊन घे. साल काढ. मधे दोऱ्यासारखी शीर असते, ती ओढून टाक. मग ठेचून रस काढायचा आणि गाईच्या दुधात घालून मंद आचेवर एक कढ आणायचा. खडीसाखर मिळाली तर घाल, नाही मिळाली तर तशीच पी. गूळ घालू नको, दूध नासेल. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. उरलेल्या मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव.

शतावरी थंड असते. तापानं अंगात राहिलेली कडकी ती काढते, पित्त बसवते, बाळंतिणीच्या कमरेत बळ भरते. दूध तर आणतेच, पण एका दिवसात नाही. तोवर मुलीला पाजायला घेणं सोडू नको. भाकरी दुधात कुस्करून खा, अळिवाची खीर खा, पाणी पीत राहा. उपाशी बाईला कुठलीच मुळी पावत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. गहिनीनाथ झाला तेव्हा मलाही दूध नव्हतं. माझ्या आईनं हेच दिलं होतं. त्याच शतावरीवर तो वाढला, आणि कसा वाढला ते तू पाहिलंस. दारातून वाकून यायचा.

आता मुळ्या कशा आणल्या ते ऐक, तुला हसू येईल. शतावरी खोदायची तर आदल्या संध्याकाळी जाऊन तिला आवतण द्यायचं असतं, हे तुला माहीत आहे. हळदकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या आणि म्हणायचं, बाई, उद्या तुला न्यायला येते. न सांगता उपटली तर ती गुण देत नाही. पण हळदकुंकू वाहायला सवाष्ण हवी. मी राहीबाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, "कुनासाठी?"

म्हटलं, "चांगुणाला दूध न्हाई."

"अगं बया! आपल्या हातानं सून दुसऱ्याच्या घरी धाडली, आता तिची पोर पन तूच पोस. लोकं तोंडात शेन घालतील माझ्या. मी न्हाई यायची."

"पोर कुनाची हाय ते दूध इचारत न्हाई, राहीबाई."

"दूध न्हाई इचारत, गाव इचारतं!"

मी उठले. वेशीपाशी आले तर मागून हाक, "थांब गं, टवळे! गुडघं दुखत्यात माझं." हळदकुंकवाची कोयरी पदराखाली झाकून आल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीत शतावरी पसरली आहे, तिथवर चालत आल्या. कुंकू वाहिलं, हाताला काटा टोचला तर तिलाच शिव्या दिल्या, आणि मला म्हणाल्या, "माग आता. तुझं काम हाय, तू माग."

काय मागितलं ते सांगते. पण त्याआधी ती राहिलेली गोष्ट सांगावी लागेल. इतका वेळ शेवग्याचं आणि गुडघ्यांचं लिहीत बसले, ते तिथवर यायला नको म्हणून.

गनीभाई म्हणाले, तुझ्या नव्या सासूबाई आक्काबाई यांनी भगत बोलावला. त्यानं तांदूळ पाहिले आणि सांगितलं की पहिला नवरा परमुलखात मेला, त्याला घरची माती मिळाली नाही, तो मागं लागला आहे आणि तोच दूध आटवतो आहे. उपाय सांगितला तो असा, की अमावास्येला त्याच्या आईनं तुमच्या दारात यायचं, लेकरासमोर नारळ फोडायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, ही बाई आमची कुणी नाही, आमचं तिच्याशी नातं सरलं.



मला राग आला, चांगुणा. माझं नाव घेतलं असतं तर सोसलं असतं. लढाईवर गेला आणि इटलीच्या मुलखात पडला तो. सोबत्यांनी त्याला अग्नी दिला, रीतसर दिला, त्यांतल्या एकानं घरी येऊन माझ्यासमोर सांगितलं. तुझ्यासमोरही. पाटात गाळ साचला तर दुसऱ्याच्या वाफ्यालाही पाणी जावं म्हणून हा सुट्टीच्या दिवशी एकटा उपसत बसायचा. तो तान्ह्या पोरीचं दूध अडवील? त्याला राग यायचा तोही जेवायच्या आत उतरायचा.

म्हणून शतावरीपुढं उभी राहिले आणि सांगितलं, मी गहिनीनाथची आई. ज्याच्यावर आळ आलाय त्याच्याच नावानं तुला न्यायला येते. त्याच्या नावानं चल आणि त्याच्या नावानं गुण दे. राहीबाई माझ्या मागं उभ्या होत्या. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल!

तेव्हा दुधाचा पेला तोंडाला लावशील तेव्हा घाबरू नको. हे त्यानं धाडलंय असं समज.

आता भगताचं. शरिफा म्हणाली, तुला झोप नाही, कवाड वाजलं तरी दचकून उठतेस. भीतीनंसुद्धा दूध आटतं, चांगुणा, हे मी वाडीत पाहिलंय. तुझ्या घरचं प्रत्येक माणूस तुझ्याकडे भीतीनं बघत असताना एकटी मुळी काय करील? आक्काबाई वाईट नाहीत. नात उपाशी बघून कुठलीही आजी भगताकडे धावेल. बन्सी तर गरीब माणूस आहे, पारखूनच तुला त्याच्या घरी दिली. त्या दोघांच्या मनातून हे जायला हवं, आणि कागदावर लिहून ते जायचं नाही.

म्हणून मी येते. अमावास्येला सकाळी गनीभाईंच्या छकड्यातून येते.

दारात नारळ फोडेन. म्हणतील ते शब्द, म्हणतील तसे म्हणेन. शेजाऱ्यांनाही ऐकू जावेत इतक्या मोठ्यानं म्हणेन, म्हणजे पुन्हा कुणी तोच विषय काढणार नाही. उंबऱ्याच्या आत येणार नाही, पाणी मागणार नाही. आक्काबाई मुलीला दाराशी आणतील तेव्हा तिला बघेन. तेवढंच. एकदा असं बोलल्यावर मला त्या दारात पुन्हा येता यायचं नाही, आणि तुलाही इकडं नाही. हे मला कळतं. तूही समजून घे.

पण तोंडानं काय बोलणार ते तुला अचानक कळू नये म्हणून हे आधी लिहिलं. तिथं जे ऐकशील ते घरच्यांसाठी आहे. तुझ्यासाठी हा कागद आहे. गनीभाईंना तो तुझ्याच हाती द्यायला सांगितलाय. कुणाला वाचायला देऊ नको, तुला वाचता येतं. गहिनीनाथची शाळेची पुस्तकं चाळत मी एकटीनं अक्षरं लावली, आणि तुला राखेत बोट धरून शिकवली, ती अशा दिवशी कामाला येतील असं तेव्हा कुणाच्या मनात होतं?

मी बोलत असताना माझ्याकडे बघू नको. बघितलंस तर मला पुढचं म्हणता येणार नाही. मुलीला पदराखाली घेऊन बस. दूध येवो न येवो, ओढू दे तिला. ओढल्यानंच येतं.

आणि तिचं नाव काय ठेवलं ते कुणीतरी माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं एकदा घ्यावं. एवढं बघ.

वाचून झालं की कागद चुलीत घाल.

अमावास्येपर्यंत उघड आणि पुढं गुपचूप,
तुझीच,
भीमाबाई