कपाट वळणावरून कसं उतरलं

तीर्थरूप काकांना पुतणीचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? काकू म्हणते, तुम्ही वाकून चप्पल उचलता तेव्हा सगळ्यांना बोलावून दाखवता, म्हणजे बरी असावी. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांनी शेजारीपाजारी मी शास्त्रज्ञ झाल्याचं सांगितलंय, असं कळलं. कृपा करून त्यांना आवरा. मी संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे, सहा महिन्यांच्या बोलीवर, आणि ते सहा महिने या शुक्रवारी संपतात. पुढे ठेवतील की घरी पाठवतील, हे एका कपाटावर अवलंबून आहे. ते कपाट तुमच्या ओळखीचं आहे. पण आधी बाकीचं सांगते.

आमच्या खेळातला नायक सामान हलवणारा आहे. संध्याकाळच्या आत त्याने एका कुटुंबाचं घर तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं, एवढाच खेळ. मुलाखतीत मी सांगितलं, की मी घरातली पहिली पदवीधर, विषय पदार्थविज्ञान, आणि काका नि बाबा दोघंही सामान हलवतात. साहेबांनी तिथल्या तिथे घेतलं. माझं काम हे, की पडद्यावरची वस्तू खऱ्यासारखी पडली, घसरली, कलंडली पाहिजे. मी ते फार मनावर घेतलं. इतर खेळांतले नायक एका हाताने फ्रिज उचलतात, आणि तेच बघून मोठी झालेली गिऱ्हाइकं तुम्हाला विचारतात, "एवढ्याशा फ्रिजला दोन माणसं कशाला?" हा अन्याय आपल्या हातून थांबावा, अशी माझी इच्छा होती. (अजून आहे.)

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वस्तूला खरं वजन दिलं. नायकाने फ्रिज उचलला आणि फ्रिजसकट पाठीमागे जिन्यावरून गेला. वाटेत शेजारीणबाईंनाही घेऊन गेला. साहेब म्हणाले, त्याला जरा ताकद दे. मी ताकद दिली, पण त्या गडबडीत फरशीचं घर्षण टाकायचं राहिलं आणि फरशीला किंचित उतार होता. खेळ सुरू केला, तर खुर्च्या, टेबल, पलंग, शेगडी असं सगळं सामान एकामागोमाग, अगदी शिस्तीत, दारातून बाहेर पडलं. नायक बाजूला उभा राहून बघत होता. साहेबांनी रिकामी खोली बघितली. मग म्हणाले, "छान. आता खेळणाऱ्याने काय करायचं?"

उशीचं काही मनावर घेऊ नका, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. फरशी उशांसाठीही घट्ट असते, हे संगणकाला सांगायचं मी विसरले. गेल्या मंगळवारी एक उशी पलंगावरून पडली, फरशीतून आरपार गेली, आणि ती अजून पडतेच आहे. हवेचा विरोध मी घातलेला नाही. हिशेब केला, तर आज सोमवारी ती इथून शनी ग्रह जितका लांब आहे तितकी खाली गेली असावी. चित्रं काढणाऱ्या ताई रोज सकाळी विचारतात, "उशी कुठवर आली गं?" तिच्यावरची फुलं त्यांनी दोन दिवस खपून काढली होती.

आता कपाट. खेळातलं शेवटचं आणि सगळ्यात अवघड सामान म्हणून मी आपलं सागवानी कपाट घातलं. तुम्ही आणि बाबांनी ते तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या खोलीतून आत्ताच्या तळमजल्यावर एका दुपारी आणलं, एक ओरखडा न पडता, ही गोष्ट मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकते. "मोठ्या सामानाला आधी वाट दाखवायची, मग ते स्वतःच येतं," हे तुमचं वाक्य मी ऑफिसच्या फळ्यावर लिहिलंय. खरं सांगायचं तर मी पदार्थविज्ञान घेतलं ते त्या कपाटामुळे. गेल्या सुट्टीत मी टेप घेऊन अख्खा जिना मोजला, ते तुम्हाला आठवत असेल. (दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्ही कॅलेंडर का टांगलंय, हे मला कधी कळलं नाही. पण चढणाऱ्याला तारीख कळते, सोय चांगली आहे.)

काका, कपाट उतरत नाही. मी ते चारशे बारा वेळा उतरवून पाहिलं. उभं, आडवं, तिरकं, दारं काढून, उलटं. दर वेळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चार बोटं अडतं. साहेब म्हणाले, "अगं, भिंत चार बोटं मागे घे. कोण मोजायला बसलंय?" मी म्हटलं, मी बसले आहे. भिंत कोणासाठी मागे सरकत नाही, आणि हे कपाट माझ्या काकांनी याच जिन्याने खाली आणलेलं आहे, तेव्हा चूक संगणकाची आहे. हे मी सगळ्यांसमोर बोलले. त्यावर साहेब शांतपणे म्हणाले, "ठीक. शुक्रवारी बाहेरची माणसं खेळ बघायला येतायत. कपाट उतरलं तर तू राहिलीस."

बाकी सर्व क्षेम. काकूला नमस्कार, बाबांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा.

तुमची,
पुतणी

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. वळणावर कपाट नेमकं कसं फिरवलंत, ते चित्र काढून गुरुवारच्या आत कळवा. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही "झालं समज" म्हणून ठेवून देता.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी, तुम्ही घरी कधी असता हे विचारायला काकूला फोन केला. कपाटाचा विषय निघाला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "त्या कॅलेंडरच्या मागे बघितलंस का कधी?" काका, तुम्ही भिंत फोडली होतीत. चार बोटं. आणि काकू बाजाराहून यायच्या आत लिंपूनही टाकली होतीत. मी फोन ठेवला. मग उठून संगणकाची माफी मागितली आणि नायकाच्या हातात छिन्नी-हातोडा दिला. कपाट पहिल्या फटक्यात उतरलं. ओरखडा नाही. साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "मी हेच सांगत होतो." त्यांना म्हटलं, नाही, तुम्ही भिंत सरकवायला सांगत होतात, ही फोडली आहे. शुक्रवारीही ती तशीच फुटेल. नायकाला नंतर लिंपावीही लागेल, आणि वर एक कॅलेंडर टांगावं लागेल.

ता. क. ३ : तेव्हा चित्र नको. फक्त एवढंच कळवा, की गिलावा चुन्याचा होता की सिमेंटचा, कारण तुकडे वेगवेगळे पडतात. बाबांनाही फोन करून विचारलं, खालचं टोक त्यांच्याकडे होतं म्हणून. ते म्हणाले, "कसली भिंत?" तरी तुम्ही दोघांनी आधी आपसात बोलून घ्यावं आणि मग एकच उत्तर पाठवावं.